घाटातला कातळ उतार: वाचायचा कसा आणि धरून ठेवायचा कसा (नवीन साईट इंजिनिअरसाठी)

सिव्हिलमधून डिप्लोमा-डिग्री करून नुकतेच घाटरस्त्याच्या किंवा रेल्वे कटिंगच्या साईटवर पडलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. कॉलेजात सॉईल मेकॅनिक्स दोन सेमिस्टर असतं, रॉकचं एखादं युनिट असतं आणि तेही परीक्षेला ऑप्शनला टाकलेलं असतं, मग पहिल्याच पोस्टिंगला समोर ३० मीटर उंच काळा कातळ उभा राहतो आणि साहेब विचारतात, "काय रे, इथे जाळी किती लागेल?" तर पहिली गोष्ट अशी की जाळी हा प्रश्नच शेवटून दुसरा आहे. आपल्याकडे घोळ हाच होतो, बजेट आलं की आधी जाळीचं टेंडर निघतं आणि उतार नंतर बघितला जातो.

मी जे सांगतोय ते मुख्यतः सह्याद्रीच्या बेसॉल्टबद्दल. हिमालयातलं फायलाईट, शिस्ट हा वेगळा संसार आहे, तिथली गणितं जशीच्या तशी इथे आणू नका आणि इथली तिथे नेऊ नका.

आधी थोडं लांबूनच बघा

गेल्या गेल्या उताराच्या पायथ्याशी जाऊन हातोडी मारायची नाही. समोरच्या बाजूला, शक्य असेल तर दरीपलीकडे किंवा वळणावर उभं राहून पूर्ण उतार एकदा डोळ्यात घ्या, फोटो काढा, ड्रोन मिळत असेल तर फारच छान. फोटोवर पेनाने थर आखा. आपला दख्खनचा कातळ म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक ओतलेले लाव्ह्याचे थर, त्यामुळे लांबून बघितलं की पायऱ्या दिसतातच. जिथे कडा सरळ उभा आहे तो काळा फत्तर, घट्ट बेसॉल्ट, आणि जिथे उतार जरा आत गेलाय, झाडोरा उगवलाय, तो मऊ थर, म्हणजे मांजऱ्या खडक (बारीक भोकांचा बेसॉल्ट) किंवा दोन थरांमधला लाल बोल (लाल मातकट पट्टा). या लाल पट्ट्याची जाडी कधी वीतभर असते कधी दोन-तीन मीटर, पण उताराच्या बऱ्याचशा भानगडी तिथूनच सुरू होतात, पुढे येतंच ते.

मग चहाच्या टपरीवर बसा. खरंच सांगतोय. टपरीवाला, रस्त्याचे मैलकुली, रेल्वे असेल तर ट्रॅकमन, यांना कुठला दगड कुठल्या पावसात आला ते तोंडपाठ असतं. "त्या वडाच्या खाली दरवर्षी श्रावणात दोन-तीन धोंडे येतात" हे वाक्य डायरीत तारखेसकट लिहून ठेवा, कुठल्याही रिपोर्टमध्ये ते मिळणार नाही. रस्त्याच्या डांबरावरचे खड्डे बघा, गोल फुटलेला खड्डा आणि त्यातून उडालेली खडी म्हणजे वरून दगड थेट आदळलाय. कठड्याला गेलेले पोचे बघा, दगड उसळी मारून कुठपर्यंत पोचतो ते कळतं.

शक्य असेल तर तोच उतार दोनदा बघा, एकदा एप्रिल-मेमध्ये जेव्हा गवत वाळून सगळे जॉईंट (कातळातल्या भेगा) उघडे दिसतात आणि एकदा जुलैमध्ये जेव्हा पाणी नेमकं कुठून बाहेर येतं ते दिसतं. नुसता उन्हाळ्यात केलेला सर्वे अर्धाच.

जवळ जाताना

हेल्मेट, बूट हे सगळे सांगतात. मी अजून दोन गोष्टी सांगतो. एक, कायम एक माणूस लांब उभा राहून फक्त वर बघत राहील आणि त्याच्या गळ्यात शिट्टी असेल, त्याला दुसरं काहीही काम द्यायचं नाही, टेपचं टोक धरायलासुद्धा नाही. दोन, पाऊस चालू असताना किंवा जोराचा पाऊस थांबल्या थांबल्या उताराखाली जायचं नाही. पाणी जॉईंटमध्ये मुरायला वेळ लागतो, त्यामुळे पाऊस थांबून ऊन पडलं आणि मग दरड आली असं बऱ्याचदा होतं. वर कुठे बारीक खडी पडल्याचा टिकटिक आवाज आला तर "बघू जरा" म्हणत थांबू नका, आधी पळा मग बघा.

जॉईंट मोजणं: कंटाळवाणं पण सगळं यावरच आहे

घट्ट बेसॉल्टची ताकद सहज १०० मेगापास्कलच्या वर जाते, म्हणजे साध्या काँक्रीटच्या चार-पाचपट. असा दगड स्वतःहून मोडत नाही, तो आधीच मोडलेल्या जागी सरकतो. लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगा, दाब कमी झाल्याने सुटलेल्या भेगा, सुरुंगाने आपणच पाडलेल्या भेगा, हे सगळे जॉईंट. म्हणून लॅबमध्ये दगडाचा क्यूब फोडून आलेला आकडा बघून "रॉक एकदम स्ट्राँग आहे सर" म्हणणाऱ्याकडे जरा दुर्लक्ष करा.

कातळावर कंबरेच्या उंचीला टेप आडवा ताणा, १० मीटर, २० मीटर जितका जमेल तितका, आणि टेपला जो जो जॉईंट छेदतो त्याची नोंद करा. डिप (आडव्या पातळीशी कल) किती अंश, डिपची दिशा कुठली, शेजारच्या त्याच सेटच्या (साधारण समांतर गटातल्या) जॉईंटपासून अंतर किती, जॉईंट लांबीला किती दिसतो, तोंड किती उघडं आहे, आत काय भरलंय (माती, चिकणमाती, पांढरा झिओलाईट की काहीच नाही), पृष्ठभाग खरखरीत की गुळगुळीत, आणि ओल आहे का. आयएस ११३१५ या भारतीय मानकाच्या वेगवेगळ्या भागांत हे प्रत्येक कसं नोंदवायचं ते दिलंय, एकदा बसून वाचा, बोअर आहे पण वाचा. अशी निदान १००-१५० रीडिंग झाली की सेट दिसायला लागतात, १५ रीडिंगवर स्टिरिओनेट (जॉईंटचे कल आणि दिशा एकत्र दाखवणारा गोल आलेख) काढून रंगीत रिपोर्ट देणारेही असतात, त्यांचं सोडा.

एक बारीक गोष्ट. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाईट असतं, होकायंत्र दगडाला अगदी चिकटवून धरलं तर काटा हलू शकतो आणि मोबाईलच्या ॲपचंही तेच. जॉईंटवर पाटी किंवा वही टेकवून जरा अंतर ठेवून रीडिंग घ्या आणि अधूनमधून दोन जागांवरून उलटसुलट दिशा घेऊन ताडून बघा.

दगडाची ताकद साईटवर अंदाजाने काढायची तर जिऑलॉजिस्टची हातोडी पुरते. एका ठोक्यात फुटला तर २५ ते ५० मेगापास्कलच्या घरातला, एकापेक्षा जास्त ठोके लागले तर ५० ते १००, बरेच ठोके खाऊन फुटला तर १०० च्या वर, आणि नुसत्या कपच्याच उडत असतील तर हातोडी ठेवा, २५० च्या वरचा असेल. चाकूने खरवडला जात असेल तर तो दगड मऊ, लाल बोल बऱ्याचदा यातच येतो.

आता हा उतार पडणार कसा?

पुस्तकात तीन प्रकार असतात आणि ते यायलाच हवेत. प्लेनर, म्हणजे एकच जॉईंट रस्त्याकडे कललेला आणि त्यावरून ठोकळा घसरतो. त्यासाठी जॉईंटची दिशा उताराच्या दिशेपासून साधारण २० अंशांच्या आत हवी, त्याचा कल उतारापेक्षा कमी हवा म्हणजे तो कटिंगच्या तोंडावर बाहेर निघेल, आणि घर्षणकोनापेक्षा (नुसत्या घर्षणावर दगड टिकतो त्या कमाल कलापेक्षा) जास्त हवा. वेज, म्हणजे दोन जॉईंट एकमेकांना छेदून कलिंगडाच्या फोडीसारखा तुकडा सुटतो. टॉपलिंग, म्हणजे उभे जॉईंट डोंगराच्या आत कललेले आणि खांब एक-एक करून पुढे कोलमडतात, पुस्तकांच्या रांगेतलं टोकाचं पुस्तक काढलं की बाकीची पडतात तसं. हे तिन्ही स्टिरिओनेटवर तपासता येतात, सॉफ्टवेअर आहेत पण पहिल्यांदा ट्रेसिंग पेपरवर हाताने करा, डोक्यात बसतं.

पण सह्याद्रीत गंमत अशी की लाव्ह्याचे थर जवळपास आडवे आहेत (पनवेलच्या आसपासचा पट्टा सोडून, तिथे थर समुद्राकडे कलतात), त्यामुळे थरावरून थर घसरला असं पुस्तकी प्लेनर आपल्याकडे कमीच. आपल्याकडे जास्त काय होतं तर खालचा लाल बोल पावसाने झिजत जातो, वरचा काळा फत्तर छज्जासारखा बाहेर लटकतो, त्यात उभे जॉईंट आधीच असतात, आणि एका पावसाळ्यात तो छज्जा खाली येतो. दुसरं म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखा झिजणारा बेसॉल्ट, मुरमात गोल गोल धोंडे अडकलेले असतात, मुरूम धुपला की धोंडा मोकळा. तिसरं, वरच्या मातीचा आणि कातळाचा सांधा, पाणी मातीतून झिरपून कातळावर अडतं आणि सगळी माती झाडांसकट घसरते. २०१४ ला माळीणला जे झालं ते मातीचं सरकणं होतं, कातळाचं नाही, म्हणून तिथले उपाय आणि कटिंगमधल्या धोंड्यांचे उपाय यात गल्लत करू नका. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली, २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा धोंड्यांवर आदळून घसरली, आणि त्यानंतर त्या मार्गावर कटिंगचे उतार कमी करण्यापासून जाळ्यांपर्यंत खूप काम झालं, पावसाळ्यात कटिंगमधून गाडी हळू चालवतात तीही त्याच काळजीपोटी.

मार्क देणं

उतार बरेच असतील तर सगळ्यांचं गणित करत बसता येत नाही, मग रेटिंग. बिनियाव्स्की यांनी १९७३ ला आणलेली आरएमआर (रॉक मास रेटिंग) पद्धत बोगद्यांसाठी होती, तिला उतारासाठी वाकवून रोमाना यांनी १९८५ ला एसएमआर (स्लोप मास रेटिंग) केली आणि आपल्याकडे ती आयएस १३३६५ च्या भाग ३ मध्ये आहे. आरएमआर काढायचा, मग जॉईंट उताराला किती वाईट बाजूने आहे त्याचे मार्क कापायचे, आणि शेवटी उतार कापला कसा त्याचे मार्क धरायचे.

हा शेवटचा भाग मला फार आवडतो. नैसर्गिक उताराला अधिक १५, प्रीस्प्लिट करून (कडेच्या भोकांच्या रांगेने आधी भेग पाडून) नीट कापला तर अधिक १०, साध्या नेहमीच्या ब्लास्टिंगला ०, आणि कसाही सुरुंग लावला तर उणे ८. म्हणजे तोच डोंगर, तोच दगड, पण ब्लास्टरने काळजी घेतली की नाही यावर १८ मार्कांचा फरक, आणि एसएमआरचा एक वर्ग २० मार्कांचा असतो! अर्धा दिवस वाचवायला भोकांत जास्त दारू भरली की चांगला उतार जवळपास एक वर्ग खाली जातो आणि पुढची ३० वर्षं त्याचे पैसे मेंटेनन्समधून जातात. तेव्हा नवीन कटिंग चालू असेल तर तुमचं पहिलं काम ब्लास्टिंगचा पॅटर्न बघणं.

थोडं गणित, घाबरू नका

एक ठोकळा घ्या, १०० टनाचा, बूड १० चौरस मीटर, ३० अंश कललेल्या जॉईंटवर बसलेला, घर्षणकोन ३५ अंश, चिकटपणा शून्य धरा. खाली ओढणारा भाग १०० गुणिले साईन ३०, म्हणजे ५० टन. जॉईंटवर दाबणारा भाग ८६.६ टन, त्याला टॅन ३५ म्हणजे ०.७ ने गुणलं की ६०.६ टन अडवणारं बळ. फॅक्टर ऑफ सेफ्टी ६०.६ भागिले ५०, म्हणजे १.२१. उन्हाळ्यात उभा आहे.

आता जुलै. जॉईंटमध्ये सरासरी अडीच मीटर पाणी चढलं, म्हणजे चौरस मीटरला अडीच टन, १० चौरस मीटरवर २५ टन उचल. दाबणारा भाग ६१.६ उरला, अडवणारं बळ ४३.१, फॅक्टर ०.८६, म्हणजे १ च्या खाली. गेला. (मागच्या भेगेतल्या पाण्याचा ढकलणारा जोर मी अजून धरलेलाच नाही.)

निचरा केला आणि उचल ५ टनावर आणली तर फॅक्टर १.१४. एक बोल्ट (कातळात रोवायची सळई) न मारता. कायमच्या उताराला साधारण १.५ पाहिजे, तर उरलेलं बोल्टने भरून काढायचं, आणि इथेच मजा आहे. बोल्ट जॉईंटशी ३५ अंशांत, म्हणजे आत जाताना जेमतेम ५ अंश खाली असा मारला तर निचरा केलेल्या ठोकळ्याला साधारण ११ टन ओढ लागते, आणि निचरा न करता तोच १.५ गाठायचा तर जवळपास २० टन. पाणी काढायची दोन-चार भोकं न मारल्याने लोखंड जवळपास दुप्पट. हे गणित वहीत स्वतः एकदा करा, साहेबांना मीटिंगमध्ये दाखवायला बरं पडतं.

भूकंपाचा आडवा जोरही वेगळा तपासावा लागतो, १९६७ चं कोयना विसरून चालत नाही, तेव्हा कराड-चिपळूण पट्ट्यात काम असेल तर डिझाईनवाल्याला हा प्रश्न नक्की विचारा.

उपाय, आणि क्रम महत्त्वाचा

सगळ्यात आधी सुटलेलं काढा. दोरावर लटकून पहारीने सैल दगड पाडायचे, वरून खाली यायचं, खालून वर नाही, रस्ता बंद करूनच. चुकून टेकू असलेला दगड काढला तर वरचा सगळा ढीग येतो, म्हणून कुठला काढायचा आणि कुठला बांधायचा हे जॉईंटच्या नकाशावरून आधी खुणा करून ठेवा, लाल खूण म्हणजे काढायचा, पिवळी म्हणजे बांधायचा वगैरे.

मग पाणी. उताराच्या डोक्यावर कॅच वॉटर ड्रेन (वरून येणारं पाणी अडवून बाजूला नेणारा चर), पण पक्कं अस्तर असलेलं. कच्चा चर खणून सोडला तर तुम्ही पाणी गोळा करून बरोबर भेगेत ओतताय. वर शेत असेल, भाताची खाचरं असतील तर शेतकऱ्याशी बोला, कधीकधी बांधाला एक मोरी काढून दिली की अर्धं काम होतं. मग उतारात आडवी निचऱ्याची भोकं, तोंडाकडे थोडा उतार देऊन, आत भोकांचा पाईप, आणि लांबी एवढी की घसरणारा जॉईंट ओलांडून पलीकडे जायला हवी. लाल बोलच्या वर लगेच एक रांग मारा, कारण वरून आलेलं पाणी त्या थरावरच अडतं. जुलैमध्ये जिथे पाझर दिसला होता तो फोटो इथे कामाला येतो.

लाल बोल उघडा पडला असेल तर तो झाका. दगडी बांधकाम किंवा काँक्रीटने खाचा भरून काढायच्या, वरच्या छज्जाला टेकू मिळेल असं, आणि मध्ये भरपूर वीप होल (मागचं पाणी बाहेर पडायची भोकं). दाताला सिमेंट भरतात तसंच काम आहे. स्वस्त आहे, दिसायला काही भारी नाही, त्यामुळे कुणी करत नाही, पण आपल्या घाटात पैसा वसूल करणारा उपाय विचारलात तर मी हाच सांगेन.

शॉटक्रीटचं (यंत्राने फवारलेल्या काँक्रीटचं) एक ऐका. माझ्या सुरुवातीच्या एका साईटवर कॉन्ट्रॅक्टरने पूर्ण कटिंगला छान गुळगुळीत शॉटक्रीट मारून दिलं, दिसायला एकदम कोरं, आम्ही फोटोही काढले. वीप होल ड्रॉइंगमध्ये होती, जागेवर नव्हती, आणि खरं सांगायचं तर बिल तपासताना मीही मोजली नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात मधला भाग पोट सुटल्यासारखा फुगला आणि ऑगस्टमध्ये मागच्या मुरमासकट खाली आला. नशीब रात्रीची वेळ होती आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. तेव्हापासून मी वीप होलमध्ये काठी घालून बघतो, आत जाते का, किती जाते.

रॉक बोल्ट म्हणजे बहुतेक वेळा २५ किंवा ३२ मिलिमीटरची सळई, भोकात ग्राउट करून (सिमेंटचा पातळ लगदा भरून). तीन गोष्टी बघा: भोक हवेने साफ केलं का, ग्राउट तळापासून भरत वर आणला का (वरून ओतला तर मध्ये हवा राहते आणि अर्धा बोल्ट पोकळीत लटकतो), आणि पक्क्या कातळात पुरेशी लांबी गेली का. ठोकळ्याच्या आतच संपलेला बोल्ट म्हणजे ठोकळ्याला टोचलेली टाचणी. वरच्या उदाहरणात ११ टनाला २५ ची एक सळई हिशोबाने पुरते, तरी एका ठोकळ्याला दोन मारा, एकावर तो फिरू शकतो. पुल-आउट टेस्ट (बोल्ट ओढून बघायची चाचणी) कुठल्या बोल्टवर करायची ते तुम्ही ऐनवेळी निवडा, कॉन्ट्रॅक्टरला निवडू देऊ नका.

आता जाळी. षटकोनी भोकांची दुहेरी पिळाची जाळी वरून पडद्यासारखी सोडतात, तिचं काम दगड थांबवणं नाही, दगडाला भिंतीलगत गप खाली चरात आणणं. छोट्या दगडांना ठीक. मोठा धोंडा असेल तर केबल किंवा रिंगची जाळी, बोल्टने कातळाला आवळलेली, तिचं डिझाईन वेगळं. फ्रिजएवढ्या धोंड्यांच्या उताराला साधी पडदा जाळी लावली तर धोंडा जाळी घेऊनच खाली येतो. कोकणात खाऱ्या हवेत नुसतं जस्त फार टिकत नाही, वर पॉलिमरचा थर घ्या. आणि पायथ्याला चर सोडा, रुंद, तळाला सैल माती-खडी, म्हणजे दगड उसळत नाही. रस्ता रुंद करताना हाच चर आधी बळी जातो, टेंडरच्या ड्रॉइंगवर एक लेन वाढते आणि दगड पडायची जागा संपते. भांडण करायचंच असेल तर यासाठी करा.

वड-पिंपळाची मुळं जॉईंट उघडतात, रोप असतानाच काढा, मोठं झाल्यावर नुसतं तोडून मुळं कुजू दिली तर भेग अजून मोकळी होते. वाळ्याचं गवत मातीच्या उताराला चांगलं, कातळाच्या जॉईंटला त्याचा उपयोग नाही.

लक्ष ठेवणं

महागडी यंत्रं मिळाली तर घ्या, कोकण रेल्वेने जाळीवर कल मोजणारी उपकरणं लावून रक्षा धागा नावाची इशारा यंत्रणा केली तसं काही. नाही मिळाली तर भेगेच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या खुंट्या, मधलं अंतर दर आठवड्याला, पावसाळ्यात रोज. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा, तडकली की भेग हलली. शेजारी एक साधं पर्जन्यमापक ठेवा, पाऊस आणि भेग एकाच रजिस्टरमध्ये शेजारी शेजारी लिहा, दोन पावसाळ्यांत त्या उताराचा स्वभाव कळतो. किती मिलिमीटर वाढ झाली की रस्ता बंद करायचा आणि फोन कुणी कुणाला करायचा हे मे महिन्यातच लिहून सह्या घ्या, रात्री दोन वाजता पावसात त्यावर चर्चा होत नाही.

आणि दरवर्षी मेमध्ये जाळीचं पोट रिकामं करायचं, चर साफ करायचा, निचऱ्याच्या भोकांत साचलेला गाळ आणि मुंगळ्यांची वारुळं काढायची. याचा आयटम एस्टिमेटमध्ये बहुतेक वेळा नसतो, पहिल्याच वर्षी घालून घ्या.